नेटवर्क गेलं नव्हतं

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

पत्र मोठं आहे, फोनवर वाचत बसू नका, दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून दे म्हणून. बाबा, आधी चष्मा शोधा, फ्रिजवर असेल.

एक कबूल करून टाकते. मागच्या शनिवारी व्हिडिओ कॉल मध्येच बंद पडला ना, तो नेटवर्कमुळे नाही, मी कट केला. माझ्या मागे टेबलाशी बसलेली मुलं दिसली आणि बाबा तुम्ही म्हणालात, "हे सगळे काळे कोण गं? जपून राहा हो, काय काय वाचतो आम्ही तिकडचं." मराठीत बोललात म्हणून त्यांना कळलं नसेल असं वाटेल तुम्हाला, पण सूर कळतो हो माणसाला. त्यातला तो उंच मुलगा आहे ना, त्याने नंतर विचारलं, वडील काय म्हणत होते? मी म्हटलं, जेवलीस का विचारत होते. सरळ थाप मारली. तेव्हापासून ते डोक्यातून जाईना म्हणून आज लिहायला बसले.

आणि मी रागावलेबिगावले नाहीये, कारण मी इथे बाल्टिमोरला आले तेव्हा माझ्या डोक्यातही हेच होतं. आपल्या घरात तरी काय वेगळं, मावशी माझ्या रंगावरून किती बोलायची, आणि आई तू दर रविवारी डाळीचं पीठ नि हळद फासायचीस मला, आठवतंय ना. (तुझ्यावर राग नाहीये, पण ते पीठ नाकात जायचं.)

तर तो उंच मुलगा. पहिल्या सेमिस्टरला मी कॅल्क्युलसच्या वर्गाची टीए (शिकवायला मदतनीस) होते, वर्गात अठ्ठावीस जण, त्यात दोनच ब्लॅक मुलं. हा मागच्या बाकावर हूडी घालून बसायचा, होमवर्क उशिरा द्यायचा, शंका विचारायला एकदाही आला नाही. मी मनातल्या मनात शिक्का मारून मोकळी, आळशी आहे. मिडटर्मला नापास झाला तेव्हा मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही, हे लिहिताना आता लाज वाटते पण तसंच होतं.

मग एकदा रात्री अकरा वाजता लायब्ररीतून निघाले तर हा तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात एकटाच बसलेला, मांडीवर वही. बाबा, तुम्ही गणिताचे मास्तर म्हणून सांगते, e चा x घात गुणिले साइन x चं इंटिग्रल होतं. इंटिग्रेशन बाय पार्ट्स दोनदा केलं की फिरून तेच इंटिग्रल समोर येतं, ते उचलून डावीकडे न्यायचं आणि दोनने भागायचं, झालं. ह्याला वाटायचं आपण गोल फिरून चुकलो, म्हणून खोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. वहीत तेच गणित नऊ वेळा होतं! नऊ वेळा, आणि नवाच्या नऊ वेळा बरोबर जागेपर्यंत पोचून खोडलेलं. शेजारी कोणी बसलं असतं तर अर्ध्या मिनिटात सुटलं असतं. आणि मी ह्याला आळशी म्हणत होते.

विचारायला का नाही आलास म्हटलं तर आधी काही बोलेना, मग म्हणाला, मी विचारलं की सगळ्यांना वाटणार ह्याला उगाच घेतलंय इथे. घरातला कॉलेजात आलेला पहिलाच तो. घरी आईला सांगितलेलं, सगळं मस्त चाललंय.

त्यानंतर मी ह्या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटले. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७०च्या दशकात युरी ट्राइसमन नावाचा एक पीएचडीचा विद्यार्थी होता, माझ्यासारखाच कॅल्क्युलस शिकवणारा. ब्लॅक मुलं कॅल्क्युलसमध्येच का अडकतात हे शोधायला त्याने लोकांना कारणं विचारली, तर सगळे म्हणाले आवड नाही, पाया कच्चा, घरची गरिबी, घरच्यांचं लक्ष नाही. तेच नेहमीचं. त्याने वीस ब्लॅक आणि वीस चिनी-अमेरिकन मुलांच्या अक्षरशः मागे फिरून बघितलं, ती कुठे बसतात, कसा अभ्यास करतात, तर ह्यातलं एकही कारण टिकेना. ब्लॅक मुलं अभ्यास करत होती, भरपूर करत होती, पण दार लावून एकटी. चिनी मुलं आधी आपापलं सोडवायची आणि मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढायची, जुने पेपर, कुठले सर काय विचारतात, सगळं वाटून घ्यायची, खाणंपिणं-हसणं पण तिथेच. मग ह्याने गट सुरू केले. मला सगळ्यात आवडलं ते हे की त्याने त्या गटांना कच्च्या मुलांचा ज्यादा तास असं रूप दिलंच नाही, उलट जास्त अवघड गणितं दिली. तुमची हुशारी आम्हाला माहितेय, बसा आता डोकं खाजवत! आणि निकाल सुधारले.

बाबा, ही तुमची बोर्डिंगच झाली की. तुम्ही खटावहून साताऱ्याला आलात, रयतच्या बोर्डिंगात एका कंदिलाखाली पाच जण आणि त्यातल्या एकाकडेच पुस्तक, हे आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की दादा आणि मी पाठीमागे ओठ हलवायचो. कर्मवीर अण्णांनी १९२४ला सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंगतीला बसवली, ती नुसती राहायची सोय थोडीच होती. आणि तुमच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा फी. कमवा आणि शिकातून जमलेले पैसे आजोबांच्या औषधाला गेले, तुम्ही ट्रंक भरून एसटी स्टँडवर गेला होतात आणि सर सायकलवरून शोधत आले. फी किती होती ते प्रत्येक वेळी वेगळं सांगता, पण सायकल दर वेळी असते.

ती सायकल मला गेल्या जानेवारीत आठवली. आमचाही इथे शनिवारचा असा अभ्यासगट आहे, त्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे, बायोलॉजीची, हुशार, तोंडाने जरा फटकळ. ती अचानक यायची बंद झाली. कळलं की तिच्या खात्यावर ३४० डॉलर बाकी होते म्हणून 'होल्ड' लागलाय. होल्ड म्हणजे पैसे भरल्याशिवाय पुढच्या सेमिस्टरला नाव घालता येत नाही, आणि नाव नाही म्हणजे आर्थिक मदत नाही, हॉस्टेल नाही, एकातून एक. ३४० डॉलरसाठी! अशा अडचणीसाठी एक छोटा फंड होता, पण त्याचा फॉर्म वेबसाइटवर असा कोपऱ्यात पुरलेला की मला दोन तास लागले शोधायला, आणि ऑफिसातल्या बाईंनाही आधी माहीत नव्हता. भरला, मिळाले, आली परत. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून हे उलटं केलं, मुलाने अर्ज करायची वाटच बघायची नाही, कोणाचं थोडक्यासाठी अडलंय ते यादीतून आपणच बघायचं आणि त्याच्या खात्यात रक्कम टाकायची. सायकलवरून शोधत येणं म्हणजे हेच ना.

तुम्ही म्हणाल दोन मुलांच्या गोष्टी सांगून काय होतं, तर आकडा सांगते. २०१०ला चार वर्षांच्या कॉलेजात पूर्णवेळ शिकायला लागलेल्या ब्लॅक मुलांपैकी सहा वर्षांत त्याच कॉलेजातून डिग्री हातात पडली ती ४० टक्क्यांच्या, गोऱ्यांत ६४. बाकीचे कुठे गेले? बरेचसे त्या जिन्यातून किंवा त्या होल्डमधून गेले असणार असं मला वाटतं, डोकं नव्हतं म्हणून नाही.

आणि हे लोक कोणाची वाट बघत बसलेत असं अजिबात नाही हं. कॉर्नेल विद्यापीठात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही ब्लॅक मुलं सुट्टीनंतर परत आलीच नाहीत, तेव्हा उरलेल्यांनी एकमेकांना धरून ठेवायला अभ्यासमंडळ काढलं, त्यातून १९०६ला अल्फा फाय अल्फा ही ब्लॅक विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. आता अशा नऊ मोठ्या संघटना आहेत. त्यांचा स्टेप शो बघितला मी, पाय आपटत टाळ्या वाजवत ओळीने असा ठेका धरतात की मला आपलं लेझीम आठवलं. आणि इथून जवळच यूएमबीसी म्हणून विद्यापीठ आहे, तिथले माजी अध्यक्ष फ्रीमन ह्राबोव्स्की, तुमच्यासारखेच गणितवाले. बारा वर्षांचे असताना १९६३ला अलाबामातल्या बर्मिंगहॅमला ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठीच्या मोर्चात गेले म्हणून पाच दिवस तुरुंगात होते. त्यांनी १९८८ला मेयरहॉफ स्कॉलर्स ही शिष्यवृत्तीची योजना सुरू केली, पहिल्या तुकडीत एकोणीस ब्लॅक मुलगे, आता सगळ्यांना खुली आहे. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच उन्हाळ्यात एकत्र राहायचं, अभ्यास गटानेच करायचा. किझमेकिया कॉर्बेट तिथलीच विद्यार्थिनी, मॉडर्नाच्या लशीमागचं जे सरकारी संशोधन होतं त्यातल्या मुख्य शास्त्रज्ञांपैकी एक.

आमचा गट त्यामानाने अगदीच किरकोळ. शनिवारी सकाळी दहाला, बारा-चौदा जण, दोन गोरी मुलं पण येतात, एक नेपाळी मुलगा, कोणालाच मज्जाव नाही. फळा, गणितं आणि खायला काहीतरी. ती फटकळ मुलगी हॉस्टेलच्या खोलीत मैत्रिणींच्या वेण्या घालून देते आणि त्या पैशातून पुस्तकं घेते. आई, त्या बारीक बारीक वेण्यांना सहा-सात तास लागतात! मी एकदा बघायला गेले तर खोलीत आठ जणी, एकीच्या डोक्यात चौघींचे हात, आणि बोलणं काय काय, कुठल्या सरांचा कोर्स घ्यायचा नाही इथपासून कोणाचं कोणाशी जुळलंय इथपर्यंत. कॉलेजच्या सल्लागारांकडून कळणार नाही ते सगळं त्या वेण्यांत कळतं. तू पाठवलेलं खोबरेल दिलं मी तिला, बाटली परत आली नाही.

अजून एक गंमत. हे लोक एक जानेवारीला चवळी-भात खातात, वर्ष चांगलं जातं म्हणून! चवळी आणि भेंडी दोन्ही गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून इकडे आली. मी म्हटलं आमच्याकडे चवळीची उसळ असते, तर कोणाचा विश्वासच बसेना.

एक वाईट बातमी पण आहे. २९ जून २०२३ला इथल्या सुप्रीम कोर्टाने प्रवेश देताना वंश बघायचा नाही असा निकाल दिला, आणि टेक्साससारख्या राज्यात तर सरकारी विद्यापीठांतली अशा मुलांना आधार देणारी 'डायव्हर्सिटी' ऑफिसंच १ जानेवारी २०२४पासून कायद्याने बंद. आपल्याकडे आरक्षणावरून जेवताना होतात तसले वाद इथेही होतात, तेच मुद्दे, फक्त ताट वेगळं. आमच्या इथे मुलं जिथे बसायची त्या खोलीची पाटी बदलली, कोणाला झोंबणार नाही असं गुळमुळीत नाव दिलं, आणि जुना सोफा नेला उचलून. सोफ्याचं काय एवढं म्हणाल, पण त्या सोफ्यावर झोपून चार जण पास झालेत. म्हणून आम्ही आता शनिवारी गणित विभागाच्या खोलीत बसतो, तीच तुम्हाला मागे दिसली.

बाबा, तुमच्या शाळेत ऑफिसमध्ये फुल्यांचा फोटो होता. तुम्हीच शिकवलंत की जोतिबांनी १८७३ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि बाबासाहेबांनी १९४६ला इथले ब्लॅक विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं. मी हे त्या उंच मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, तुझ्या वडिलांना हे सगळं माहितेय? मी हो म्हटलं. ही थाप नव्हती.

तो आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि नवीन मुलांना इंटिग्रेशन तोच शिकवतो. दोनदा केल्यावर तेच परत आलं की खोडू नका, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहूनच सुरुवात करतो. ह्या पोरांना मी तुमच्या बोर्डिंगबद्दल सांगितलंय, कंदील, सायकल सगळं. त्यांना तुम्हाला प्रश्न विचारायचेत. इंग्रजी येत नाही वगैरे नखरे चालणार नाहीत, मी आहे ना मध्ये.

आई, चवळीच्या उसळीचं प्रमाण लिहून पाठव, चौदा जणांचं, अंदाजाने घाल असं लिहू नकोस. गोडा मसाला दादाचा मित्र डिसेंबरात येतोय त्याच्याबरोबर दे, अर्धा किलो, नीट पॅक करून, मागच्या वेळी त्याच्या सगळ्या कपड्यांना वास आला होता.

शनिवारी तुमच्या साडेसातला फोन करते, नोव्हेंबरात इथली घड्याळं बदलली की साडेआठ. सगळे बसलेले असतील. बाबा, फोन जरा सरळ धरा, मागच्या वेळी निम्मा वेळ पंखाच दिसत होता.

तुमची,
पोरगी