बाबा, कानपूरचं रिव्हॉल्व्हर घेण्याआधी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल. आई शेजारीच असल्याचं जाणवलं, म्हणून मी ‘बघू’ एवढंच म्हणाले. पलीकडच्या वस्तीवर दरोडा पडल्यापासून तिला धड झोप नाही, हे काकूकडून कळलंय. फोनवर घाईत काही सांगण्यापेक्षा सगळं लिहून पाठवते. दोघांनी मिळून वाचा.

तुमचं म्हणणं असं, की एकच हत्यार घ्यायचं: रात्री उशाशी राहील आणि रविवारी मळ्यात नेमही धरता येईल. यातलं मळ्यात नेम धरण्याचं आधी मनातून काढा. .२२ ची इवलीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि आपल्या उसापलीकडे तोडणीच्या टोळीच्या खोपटी असतात, त्यांची पोरं बांधावर खेळत असतात. नेमबाजी रेंजवरच करायची, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी.

आता एकाच हत्यारात दोन्ही कामं. शर्यतीचा बैल आपण नांगराला जुंपत नाही, तसंच हे आहे. पंचवीस मीटरवर मी जे .२२ चं स्पोर्ट पिस्तूल चालवते, त्याची मूठ तळहाताच्या मापानं घासून घेतलेली असते. वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, आणि चाप किमान १ किलोच्या दाबाला सुटला पाहिजे असा नियम. हवेच्या दाबावर छर्रा मारणाऱ्या एअर पिस्तुलाला तर ५०० ग्रॅमच पुरतात. म्हणजे बोटानं नुसतं ठरवलं की गोळी गेली. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत याच पंचवीस मीटर प्रकारात सुवर्ण मिळवलं. आशियाई स्पर्धांच्या इतिहासात भारतीय महिला नेमबाजाचं ते पहिलंच सुवर्ण. त्या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद खुलं असतं, तेवढ्यात हात वर करून एक गोळी मारायची. असा हलका चाप झोपेतून दचकून उठलेल्या, थरथरत्या हातात देणं म्हणजे अपघाताला बोलावणं. शिवाय ही यंत्रं फार नाजूक असतात. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि तिची मोलाची मिनिटं गेली. तिनं पॅरिसला पदक घेऊन ते भरून काढलं, पण घरात चोर असताना कोणी पुढची स्पर्धा देत नाही.

घरासाठीच निवडायचं झालं, तर मी पिस्तूल सोडून रिव्हॉल्व्हर म्हणेन. ‘अशनी’सारख्या .३२ पिस्तुलाची वरची स्लाइड जोरात मागे ओढावी लागते. तुमच्या अंगठ्याच्या सांध्याची सूज मला माहीत आहे. सकाळी तुम्हाला बरणीचं झाकण उघडत नाही. रिव्हॉल्व्हरला ती ओढाओढ नाही. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, काडतुसांची चकती फिरून पुढचं घर समोर येतं. भरलेलं आहे की रिकामं, हे उघडून डोळ्यांनी पाहता येतं. कानपूरचं जुनं मॉडेल बिजागरीसारखं मधून दुमडून उघडतं; २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ची चकती बाजूला निघते, ते भरायला सोपं. त्याचा मारा ५० मीटर म्हणून जाहिरात आहे. पण आपल्या माजघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाच पावलं, तिथे पन्नास मीटर काय करायचेत?

दुकानदार तुम्हाला कानपूरचंच ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर दाखवेल. २०१४ मध्ये आलेलं, फक्त अर्धा किलोचं, आईलाही पेलेल असं सांगून. पण काडतूस तेच आणि हत्यार हलकं, म्हणजे सगळा झटका मनगटावर. आखूड नळी आणि हलकं वजन हे बाळगायला सोयीचं, मारायला अवघड. नवा माणूस दोन गोळ्यांनंतर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. रेंजवर मी हे चांगल्या धडधाकट तरुणांचं पाहिलंय. आणि ९ एमएमचा विषय कोणी काढला तर तिथेच थांबवा, ते बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे.

इतकं सगळं सांगूनही, बाबा, माझं मत आहे की तुम्ही रिव्हॉल्व्हर घेऊ नये. हे मी बंदुकीला घाबरून म्हणत नाही. मला ती विद्या मनापासून आवडते, आणि म्हणूनच तिला काय जमतं आणि काय नाही, हे तुम्हाला सांगणं माझं काम आहे.

परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळेल. पोलीस चौकशी होईल, वैद्यकीय दाखला लागेल, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, आणि हत्यार कुलूपबंद ठेवीन असं लिहून द्यावं लागेल. ही अट योग्यच आहे. मे महिन्यात दादाची दोन्ही पोरं महिनाभर तुमच्याकडे असतात, ती कपाटं उघडल्याशिवाय राहत नाहीत. म्हणजे हत्यार तिजोरीत आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. मग रात्री दोन वाजता कडी वाजली की काय होईल, ते मनाशी क्रमानं बघा. चष्मा, किल्ली, तिजोरी, दुसरी किल्ली, काडतुसं भरणं. तोवर माणूस आत आलेला असेल. आणि कुलूप न लावता उशाखाली ठेवलंत, तर पोरांच्या हाती लागायची भीती बारा महिने.

अंधारात समोर कोण आहे हे ओळखायचंय, तेही मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांनी. टॉर्चचा उजेड फाकतो असं तुम्हीच सांगितलंत. मोटार बंद करायला येणारा बाळू रात्री-अपरात्री मागच्या दारानं हाक मारतो. दादा न कळवता पहाटेच्या गाडीनं येतो. चोरापेक्षा ही माणसं आपल्या दारात कितीतरी जास्त वेळा उभी असतात.

कायद्याचंही पाहून ठेवलंय. सूर्यास्तानंतर घर फोडून कोणी शिरला, तर स्वतःचा आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क मोठा आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. पण बचावाला लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही. चोर पाठ फिरवून पळतोय आणि तुम्ही गोळी झाडलीत, तर पुढची कितीतरी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या. शिवाय निवडणूक लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते.

आणि आई, हे तुझ्यासाठी. परवाना बाबांच्या नावावर असेल. बाबा आत्याकडे मुक्कामाला गेले, तू घरात एकटी, तेव्हा ते हत्यार तुला वापरता येणार नाही, कारण तुझ्याकडे परवाना नाही. ज्या रात्रींची तुला खरी भीती वाटते, नेमक्या त्याच रात्री त्याचा उपयोग शून्य. हे बाबांना तू सांगितलं नसशील. मी सांगते.

त्या पैशांत मला दुसरं करू द्या. ‘निर्भीक’ बाजारात आलं तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. त्याच्या निम्म्यात पुढच्या पडवीला लोखंडी सरकती जाळी होईल, मागच्या दाराला आतून आडवी पट्टी, आणि चारी कोपऱ्यांना हालचालीवर लागणारे सौर दिवे. आईच्या पाटल्या आणि आजीची ठुशी बँकेच्या लॉकरमध्ये, आणि तसं चारचौघांत बोलायचंसुद्धा. ११२ दोघांच्या मोबाइलवर पहिल्या बटणाला लावून देते. आपलं गाव ग्रामसुरक्षा यंत्रणेत आहे का, ते पोलीस पाटलांना विचारा. असेल तर तुमच्या एका फोनवर नोंदवलेल्या सगळ्या घरांत तुमचा आवाज एकदम जातो. मळ्यातल्या घराला शेजार जागा होण्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही. आणि कुत्रं पाळा. वाघ्या गेल्यापासून आई नको म्हणते, तिचं दुःख मला कळतं, पण या वेळी ऐक माझं.

बाबा, आता तुमच्या नेमाचं. चोरांचा विषय निघायच्या कितीतरी आधीपासून तुम्हाला हे हवं होतं, असं मला वाटतं. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीजवळ तुमचा पाय अडायचा. आई पुढे निघून जायची आणि तुम्ही मला खांद्यावरून उतरवून उभं करायचात. कारखान्याच्या नोकरीत आणि आमच्या शिक्षणात ते राहून गेलं. ती हौस पुरी करायला परवानाही लागत नाही. ४.५ मिलिमीटरचं, २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल विनापरवाना घेता येतं. दहा मीटरवर लक्ष्य, दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. एका हातानं उभं राहून मारायचं, स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० वेळा. झटका जवळजवळ नाही, त्यामुळे तुमच्या अंगठ्याला त्रास नाही. नजर पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर, ठेवायची असते, लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं, उलट तसंच दिसायला हवं. वयस्करांसाठी स्पर्धेत वेगळे गटही असतात. स्वतःचं घेण्याची घाई नको. मूठ हाताला बसते का, हे महिनाभर क्लबची पिस्तुलं वापरूनच कळतं.

तेव्हा परवान्याचा अर्ज भरला असलात तरी देऊ नका. ऊस गेला की दोघंही इकडे या. डोळ्याची शस्त्रक्रिया इथेच करून घेऊ, आणि डॉक्टरांनी मोकळीक दिली की तुम्हाला बालेवाडीच्या रेंजवर घेऊन जाईन. जाळी बसवणाऱ्याला मी फोन केलाय, तो शनिवारी माप घ्यायला येईल. मागच्या दाराचंही माप त्याला घ्यायला सांगा.

तुमची,
मधू