थंडी निफाडची आणि विनिपेगची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘कॅनडात जावे की नाही’ यावर आपल्या दैनिकात आलेली वाचकांची पत्रे वाचली. बहुतेकांनी थंडीचा बाऊ केला आहे, तर एका सद्गृहस्थांनी ‘सवय होते हो’ म्हणून विषयच मिटवला आहे. मी मूळची निफाडची. वडिलांची द्राक्षबाग अजून तिथे आहे. गेली बरीच वर्षे विनिपेगमध्ये एका ट्रकवाहतूक कंपनीत हिशेब बघते. दोन्हीकडचे हिवाळे काढल्यामुळे थोडे लिहावेसे वाटले.

‘निफाड गारठले’ हा मथळा आपण जवळजवळ दर वर्षी छापता. तेव्हा पारा पाच-सहा अंशांवर असतो, क्वचित त्याहून खाली. विनिपेगचे जानेवारीतले सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असते आणि एखाद्या रात्री ते उणे ३०ला पोहोचले तर त्याची बातमीही होत नाही. तरी खरे सांगू? मी जास्त कुडकुडले ती निफाडला. पत्र्याचे छप्पर, खिडकीच्या फटीतून येणारा वारा, पहाटे बंबातले पाणी तापेपर्यंत अंगावर गोधडी ओढून बसायचे. जेवढी थंडी बाहेर तेवढीच घरात. इथे घर बांधतानाच हिवाळा गृहीत धरलेला असतो. भिंतींत जाड इन्सुलेशन, खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा, तळघरात घर तापवणारी फर्नेस. जानेवारीत मी घरात सुती कुर्त्यात वावरते. थंडी भेटते ती दारापासून गाडीपर्यंत आणि बसथांब्यावर.

नव्याने आलेल्या माणसाला इथल्या प्रत्येक गाडीच्या तोंडातून लोंबणारी विजेची वायर बघून नवल वाटते. ती ब्लॉक हीटरची. रात्री प्लगला लावून ठेवायची, म्हणजे इंजिन गोठत नाही. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये प्रत्येक जागेपुढे प्लग आहे. शहराच्या मध्यभागी इमारती बंदिस्त पुलांनी जोडलेल्या आहेत, त्यामुळे दुपारी जेवायला जाताना कोट खुर्चीवरच राहतो. कॅल्गरीतही असे पूल आहेत. टोरांटो, माँट्रियलमध्ये हीच सोय जमिनीखाली आहे.

माझा भाचा नाशिकला शिकतो. त्याचा प्रश्न असतो, “आत्या, व्हँकुव्हरच बरं ना? तिथं थंडी नाही.” बरोबर आहे, जानेवारीतही तिथले सरासरी तापमान शून्याच्या वरच असते. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ भरलेले आणि पाऊस चालूच. आषाढ चार महिने हलला नाही आणि वर गारठा पडला तर कसे होईल, तसा तो हिवाळा. शिवाय घरभाड्यात ते शहर देशात सर्वांत महागड्यांपैकी. विनिपेगची थंडी कोरडी. उणे २५ला आकाश निळे आणि बर्फावर इतके लख्ख ऊन की गॉगल लागतो. टोरांटोचे तापमान आमच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी जास्त, पण बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि फुटपाथवर त्याचा राडा होतो. कॅल्गरीला रॉकी पर्वतावरून चिनूक नावाचे गरम वारे उतरतात आणि काही तासांत पारा वीस अंशांनी चढतो. तिथल्या काही जणांचे डोके तेव्हा दुखते म्हणतात, पण जानेवारीत दोन दिवस कोट काढायला मिळत असेल तर मी डोकेदुखी पत्करेन. तेव्हा ‘कॅनडाची थंडी’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी निदान शहराचे नाव तरी लिहावे.

याचा अर्थ थंडीला हलके घ्यावे असा नाही. इथे तापमानाबरोबर विंड चिल सांगतात, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी. ती उणे ४०च्या खाली गेली की उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठू शकते. जानेवारी २०२२मध्ये गुजरातच्या डिंगुचा गावचे चौघांचे कुटुंब मॅनिटोबा या आमच्या प्रांतातल्या इमर्सनजवळ बर्फात मृत सापडले. पायी अमेरिकेची सरहद्द ओलांडायला निघाले होते आणि सरहद्द अवघ्या काही मीटरवर होती. त्यातले धाकटे मूल तीन वर्षांचे. इमर्सन आमच्यापासून गाडीने तास-सव्वा तासावर आहे. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात दुसरे कोणी काही बोलत नव्हते.

मला स्वतःला जाच होतो तो अंधाराचा. डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. ऑफिसला जाताना काळोख, परतताना काळोख. आणि मार्चचा. भारतातून फोनवर उन्हाळ्याच्या, कैऱ्यांच्या गोष्टी चालू असतात आणि इथे रस्त्याकडेला काळपट बर्फाचे ढीग तसेच. एप्रिलात पुन्हा एकदा बर्फ पडतो तेव्हा शेजारची मॅनिटोबातच जन्मलेली आजीबाईसुद्धा शिव्या देते.

जाता जाता एक द्राक्षांची गोष्ट. ऑन्टारिओत नायगाराच्या परिसरात आइसवाइन करतात. द्राक्षे वेलीवरच ठेवून तापमान उणे ८पर्यंत उतरायची वाट बघतात, मग बहुधा रात्रीच तोडणी करून गोठलेल्या मण्यांचाच रस काढतात. बाबांना हे सांगितले तर म्हणाले, “आम्ही मणी तडकू नये म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतो, आणि ही माणसं गोठायची वाट बघतात?” पुढे त्यांनी भाव विचारला. सांगितल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता मूळ मुद्दा. नाशिक-पुण्याचे काही एजंट मुलांना जानेवारीच्या प्रवेशासाठी घाई करतात. जागा लवकर मिळते म्हणतात. पण जानेवारीत विनिपेग किंवा एडमंटनला उतरलेल्या मुलाने खोली शोधायची कशी? बसने चार घरे बघून होईपर्यंत त्याची बोटे बधिर होतात आणि पहिली मिळेल ती खोली, मग ती तळघरातली बिनखिडकीची का असेना, तो घेऊन टाकतो. सप्टेंबरात आलेल्याला शहर समजून घ्यायला दोन महिने मिळतात. सप्टेंबर २०२५पासून अभ्यास परवान्यासाठी एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासखर्च सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. बूट, पारका (टोपी जोडलेला जाड कोट), थर्मल यांचा खर्च पालकांनी त्यातच धरावा. आणि जाकीट भारतातून आणू नये. भाचा पुण्यातून एक घ्यायला निघाला होता, त्याला थांबवले आहे. आमच्याकडे जुन्या कपड्यांच्या दुकानांत उत्तम पारका निम्म्याहून कमी किमतीत मिळतो आणि तो उणे ३०ला पुरतो.

– एक निफाडकर वाचक, विनिपेग (कॅनडा)