मंत्रीसाहेब, जनरेटर कुठंय?

माननीय मंत्रीसाहेब,
सा. न. वि. वि.

मी इंदूरच्या एका फार्मसी कॉलेजात पीएचडी करते. गेल्या वर्षी आमच्या ॲनिमल हाऊसची, म्हणजे प्रयोगाची जनावरं ठेवतो त्या जागेची, फीत तुम्हीच कापली होती, आठवतंय का बघा. माझ्या गाईडनी जनरेटरचा विषय काढला तेव्हा तुम्ही हसत म्हणालात, "पावसाळ्याच्या आत पोचेल." कुठला पावसाळा ते विचारायचं राहून गेलं, चूक आमचीच.

मागच्या गुरुवारी रात्री वादळ आलं नि लाईट गेले. चौदा तास. सकाळी वॉचमनदादांचा फोन, "मॅडम, आपके चूहे उठ नहीं रहे." माझे 24 डायबेटिक उंदीर होते, 9 मेले. गुडमार या वनस्पतीच्या अर्कानं शुगर उतरते का, हे बघायचा 28 दिवसांचा प्रयोग, एकोणिसावा दिवस. एका ग्रुपमधे 6 लागतात, आता कुठे 3 आहेत कुठे 4, म्हणजे जे जिवंत आहेत तेही कामातनं गेले.

"उंदीरच तर आहेत, आणा दुसरे," असं मला ऑफिसात ऐकवलं गेलं. म्हणून जरा सविस्तरच सांगते. उंदराला डायबेटिस करायला स्ट्रेप्टोझोटोसिन म्हणून एक केमिकल आहे, मातीतल्या जिवाणूपासून मिळतं, परदेशात कॅन्सरवरही देतात. त्याची ठेवण ग्लुकोजसारखी, त्यामुळे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी त्याला आत घेतात आणि आत जाऊन ते त्यांच्या डीएनएची वाट लावतं. ठेवायचं उणे 20 वर, विरघळवायचं थंडगार सायट्रेट बफरमधे, पीएच 4.5, आणि काही मिनिटांत टोचून मोकळं व्हायचं, रेंगाळलात तर त्यात काही दम राहत नाही. उंदराच्या वजनाच्या किलोला 55 मिलिग्रॅम. पुढे खरी परीक्षा, पेशी मरताना आतलं इन्सुलिन एकदम सुटतं, शुगर इतकी पडते की डायबेटिस व्हायच्या आधीच उंदीर जायचा, म्हणून पहिली रात्र बाटलीत ग्लुकोजचं पाणी भरून मी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत जागी असते. 72 तासांनी शेपटीतनं रक्ताचा थेंब काढायचा, शुगर 250 च्या वर निघाली तरच तो उंदीर घ्यायचा. मग तो सारखं पाणी पितो, सारखा मुततो, भुसा दिवसातनं दोनदा बदलायचा. असल्या जनावराला बंद खोलीत, कूलर ठप्प, एक्झॉस्ट ठप्प. सकाळी बाटल्या कोरड्या होत्या साहेब.

आणि फ्रीजरमधली स्ट्रेप्टोझोटोसिनची नवी बाटली? तीही गेली. म्हणजे पुन्हा सुरुवात करायची तर कशानं? आमच्या खरेदी समितीत एक हुशार गृहस्थ आहेत, मागे पहिली बाटली मागवतानाच ते म्हणाले होते अलॉक्झान घ्या की, तेही डायबेटिस करणारं केमिकल, स्वस्त पडेल. 1943 साली ग्लासगोला डन आणि त्यांचे सहकारी सशांच्या किडनीवर काम करत होते, त्यात त्यांना दिसलं की अलॉक्झाननं इन्सुलिनच्या पेशीच मरतायत. म्हणजे शोध असा अचानक लागलेला. पण त्याचा डोस जरा जास्त झाला की किडनी जाते, जरा कमी पडला की शुगर आपोआप खाली येते, मग मी काय पेपरात लिहू, गुडमारच्या अर्कानं उतरली की अलॉक्झाननंच दगा दिला? हे समितीला समजावण्यात तेव्हा दीड महिना गेला होता.

माझ्या बाबांना बावीस वर्षं शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन घेतात. रोज जेवताना विचारायचे, "आज तुझ्या पोरांची किती?" आणि स्वतःचा आकडा सांगून शर्यत लावायचे. शुक्रवारी काहीच विचारलं नाही, मुकाट्यानं भाकरी खाल्ली. मी एकतिशीत आहे, फेलोशिप सात महिने थकलीय, हातमोजे आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माझ्याच पैशांनी येतात, आई म्हणते उंदरांशीच लग्न कर. हे तुम्हाला कशाला सांगतेय माहीत नाही, पण तुम्हाला नाही तर कोणाला सांगू.

आता आकडे बघा. 2023 च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सर्वेत देशात 10 कोटींहून जास्त डायबेटिसवाले निघाले. ज्या शहराची सकाळ पोहे-जिलबीनं होते नि रात्र सराफ्याच्या खाऊगल्लीत संपते तिथे वेगळं सांगायला नको. आणि संशोधनावर देश खर्च करतो जीडीपीच्या 0.64 टक्के. संशोधनाला पैसे द्यायला काढलेल्या नव्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी पाच वर्षांत 50 हजार कोटी म्हणे, त्यातले बहुतेक खाजगीवाले देणार म्हणे, देतील तेव्हा देतील. आमच्या सगळ्या कॉलेजाला त्यातला एक जनरेटर निघत नाही? स्वच्छतेत नंबर एक, रस्ते रात्री धुतले जातात, मस्तच आहे, मलाही अभिमान आहे. पण जनावरांच्या खोलीचं तापमान 18 ते 29 अंश असावं हा सरकारचाच नियम, आणि आमच्याकडे तो तपासणीच्या दिवशी पाळला जातो. दारावरच्या तुमच्या नावाच्या पाटीवर मात्र लाईट आहे. ती इन्व्हर्टरवर आहे साहेब, गुरुवारी रात्रभर चालू होती.

एकेक उंदीर मोजून, कारण देऊन मी एथिक्स कमिटीकडनं मंजूर करून घेतला होता. त्यांना आजारी मीच पाडलं, ते माझ्या डोक्यावर आहे, त्याची सबब मी सांगत नाहीये. पण फुकट मेले त्याचं काय? कमिटीला आता लेखी कारण द्यायचंय, आणि नवे 24 मागायचेत, कुठल्या तोंडानं ते तुम्हीच सांगा.

थकलेली फेलोशिप, एक फ्रीजर बॅकअपसकट आणि तो जनरेटर, एवढंच मागणं आहे. जागा तयार आहे, मागच्या अंगणात, जिथे तुमच्या उद्घाटनाचा मंडप घातला होता तिथेच.

आपली,
ॲनिमल हाऊसवाली, इंदूर