गल्लीतल्या पेपरांचं लंडन

किलबर्न, लंडन
गुरुवार, रात्रीचे साडेनऊ

प्रिय सुमे,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आत तुमच्या पाक्षिकाचा अंक घडी घालून ठेवलेला. चहा गार होईपर्यंत वाचला, जाहिरातींसकट. पिठाच्या गिरणीची जाहिरात अजून तीच, 'दिवाळीची भाजणी दळून मिळेल', बारा महिने! मी एकटीच हसत बसले.

पत्रात मात्र तू रडगाणं लावलंयस. कागद महागला, छापखानावाला उधारी बंद म्हणतोय, क्लासवाल्यांच्या जाहिराती मोबाइलवर गेल्या आणि चिरंजीव म्हणतात, आई, व्हॉट्सॲप ग्रुप काढ आणि मोकळी हो. वर मलाच विचारतेस, 'तिकडे लंडनमध्ये असले गल्लीबोळातले पेपर कधीच मेले असतील ना गं?'

काही मेले. काही मेले आणि तिरडीवरून उठून बसले. आता विषय काढलाच आहेस तर ऐकून घे. हे पत्र लांबणार.

आमच्या रस्त्याची गंमत आधी सांगते. किलबर्न हाय रोडची एक बाजू ब्रेंट बरोमध्ये आणि दुसरी कॅमडनमध्ये. बरो म्हणजे आपल्याकडची नगरपालिकाच समज, नगरसेवक आणि कचऱ्याच्या तक्रारींसकट. मी ब्रेंटवाली. आमच्या बाजूचा पेपर 'किलबर्न टाइम्स', १८६८ पासूनचा. पण दर गुरुवारी मी रस्ता ओलांडून कॅमडनमध्ये जाते आणि त्यांचा 'कॅमडन न्यू जर्नल' उचलून आणते. फुकट असतो. शेजारणीच्या घरची आमटी जास्त चांगली लागते, तसं काहीसं.

आता मुळापासून. इथे पूर्वी वर्तमानपत्रावर स्टॅम्पचा कर असे. १८१५ पासून एका अंकामागे ४ पेन्स. 'ज्ञानावरचा कर' म्हणून लोक त्याच्या नावानं बोटं मोडत, कारण गल्लीतल्या चांभाराला तो पेपर परवडूच नये हाच सरकारचा हेतू होता. १८३६ मध्ये तो एका पेनीवर आला, १८५३ मध्ये जाहिरातींवरचा कर गेला आणि १८५५ मध्ये स्टॅम्पही सुटला. मग काय, पहिल्या पावसानंतर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे पेपर उगवले. इस्लिंग्टनचा 'गॅझेट' १८५६ चा, हॅम्पस्टेड आणि हायगेट मिळून निघालेला 'हॅम अँड हाय' १८६० चा, हॅकनीचा 'गॅझेट' १८६४ चा, 'साउथ लंडन प्रेस' त्याच्या पुढच्या वर्षीचा. राजधानीत मोठमोठी दैनिकं होतीच, पण त्यांना पार्लमेंट आणि क्रिमियातलं युद्ध यातून सवड नव्हती. आपल्या रस्त्यावरचा दिवा का लागत नाही, हे छापायला गल्लीचा पेपर लागला.

यातला माझा सगळ्यात आवडता 'क्लार्कनवेल न्यूज'. १८५५ मध्येच सुरू झालेला. क्लार्कनवेल म्हणजे घड्याळजींची वस्ती. एक जण काटे करणार, दुसरा स्प्रिंग, तिसरा डबीवर नक्षी कोरणार, आणि सगळे एकमेकांच्या माडीवर. या लोकांना अग्रलेख नको होता. कुठे कारागीर हवाय, कुठे खोली भाड्यानं आहे, हे हवं होतं. पेपर भरला तो असल्या दोन-दोन ओळींच्या जाहिरातींनी. पुढे त्याचं दैनिक झालं, १८७६ मध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या प्रकाशकानं ते ३०,००० पौंडांना घेतलं आणि त्याचं 'डेली क्रॉनिकल' हे देशभर जाणारं मोठं पत्र बनवलं. घड्याळजींच्या छोट्या जाहिरातींवर उभं राहिलेलं! आता सांग, तुझ्या गिरणीवाल्याला मी का हसू?

दुसरी गोष्ट आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेली. 'हॅम अँड हाय'चे एक जुने संपादक होते, आडनाव जेलस. (खरंच, मी बनवून सांगत नाही.) त्यांनी ओळखीतल्या एका लहान मुलाला खेळायला म्हणून जुने खिळे दिले, छापखान्यातले, अक्षरं जुळवायचे. तो मुलगा पुढे किलबर्नच्या हेन्ली हाउस शाळेत गेला आणि १८८१ मध्ये तिथे त्यानं शाळेचं मासिक काढलं. म्हणजे टिळक-आगरकर पुण्यात 'केसरी'चा पहिला अंक काढत होते त्याच वर्षी. त्या मुलाचं नाव आल्फ्रेड हार्म्सवर्थ. १८९६ मध्ये त्यानं 'डेली मेल' काढला आणि पुढे लॉर्ड नॉर्थक्लिफ म्हणून मंत्रिमंडळाला घाम फोडला. जेलससाहेबांनी त्याला खिळ्यांऐवजी भोवरा दिला असता तर बरं झालं असतं, असं माझं मत. पण ते सोड.

तुझे जुने अंक कुठे आहेत गं? पोटमाळ्यावर? मागच्या वेळी वाळवीबद्दल काहीतरी बोलली होतीस. इथे देशभरातले पेपर जपून ठेवायला कोलिंडेल नावाच्या उपनगरात ब्रिटिश लायब्ररीची इमारत होती. १९४० च्या ऑक्टोबरात तिच्यावर बॉम्ब पडला आणि हजारो बांधीव खंड गेले, बरेचसे बाहेरगावच्या पेपरांचे. लहान गावाच्या पेपराचा एकच संच कुठेतरी असतो. तो गेला की त्या गावाची तेवढी वर्षं गेली. मी ती इमारत बंद व्हायच्या आधी, म्हणजे २०१३ च्या आधी, एकदा गेले होते. उतरत्या मेजावर दोन हातांनी ठेवावा लागणारा जाडजूड खंड. पान उलटलं की कडेचा तुकडा पापडासारखा तुटून मांडीवर. त्या दिवशी मला एका जुन्या इमारतीबद्दल काहीतरी शोधायचं होतं, ते राहिलंच. हरवलेली छत्री, विकाऊ पियानो, 'प्रामाणिक स्वयंपाकीण पाहिजे' हेच वाचत बसले. परतीच्या गाडीत बघते तर दोन्ही अंगठे काळे. म्हणून सांगते, दोन संच वेगवेगळ्या घरी ठेव, आणि एक गावातल्या वाचनालयाला दे. त्यांना नको असला तरी दे.

महायुद्धानंतरची वर्षं मी भराभर ओलांडते. पेपरांच्या साखळ्या झाल्या, मालक दूर गेले. पण १९७० च्या दशकात एक मजेशीर पीक आलं. टाइपरायटरवर मजकूर, मथळ्याला घासून उमटवायची अक्षरं, कात्री, गोंद आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं टेबल. हॅकनीत 'हॅकनी पीपल्स प्रेस', इस्लिंग्टनमध्ये तर 'इस्लिंग्टन गटर प्रेस'! गटर प्रेस ही खरी तर शिवी, आपण गटारछाप म्हणतो तशी. त्यांनी ती उचलून कपाळावर लावली. आत असायचं काय, तर घरभाडं, ओल आलेल्या भिंती, भाडेकरूंना बाहेर काढणारे मालक. मोठ्या पेपरांना ओल दिसत नाही. तुझ्या अंकात तिसऱ्या पानावर टाकीच्या गळतीचा फोटो आहे ना, तो त्याच घराण्यातला.

आता 'कॅमडन न्यू जर्नल'. आधी नुसता 'कॅमडन जर्नल' होता. तिथल्या पत्रकारांचा संप झाला, जवळजवळ दोन वर्षं चालला आणि मालकांनी पेपरच बंद केला. मग १९८२ मध्ये त्या मंडळींनी तो एका पौंडाला घेतला. एक पौंड! आणि मधे 'न्यू' घालून पुन्हा सुरू केला. संपादक एरिक गॉर्डन, तेव्हा पन्नाशीचे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चीनमध्ये बायको आणि मुलासकट दोन वर्षं हॉटेलच्या खोलीत नजरकैदेत राहिलेला माणूस. अशाला कॅमडनच्या नगरसेवकांची भीती काय वाटणार? २०२१ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी गेले तेव्हाही संपादकच होते. तू साठीला टेकलीस म्हणून निवृत्तीच्या गोष्टी करतेस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

शेजारच्या 'हॅम अँड हाय'चा थाट वेगळा. परराष्ट्र धोरण असलेला एकमेव गल्लीपेपर, असं त्याला गमतीनं म्हणत, कारण हॅम्पस्टेडात लेखक आणि प्राध्यापक ढिगानं. पण पोट भरायचं घरांच्या दलालांच्या जाहिरातींवर. ती पुरवणी इतकी जाड की मुख्य अंक तिच्यातून शोधायचा. धोरण परराष्ट्राचं आणि पैसा तीन बेडरूमच्या फ्लॅटचा.

आणखी एक मिळकत असते, तुझ्याकडे नसलेली. जाहीर नोटिसा. कुणाला घर वाढवायचं असेल, रस्ता बंद करायचा असेल, तर कौन्सिलला, म्हणजे बरोच्या पालिकेला, त्यातल्या बऱ्याच गोष्टी छापील स्थानिक पेपरात द्याव्या लागतात, कायद्यानं. मुंगीएवढी अक्षरं, कुणी वाचत नाही असं वाटतं. मी वाचते. कौन्सिलांनाही हे पैसे डोळ्यांवर आले. टॉवर हॅम्लेट्सच्या कौन्सिलनं तर स्वतःचंच साप्ताहिक काढलं, 'ईस्ट एंड लाइफ'. नगराध्यक्ष प्रत्येक पानावर हसरा असणार हे ओघानं आलंच. शेवटी सरकारनं २०११ मध्ये नियम केला की कौन्सिलनं वर्षातून चारदाच काय ते छापावं. तरी हे साप्ताहिक २०१६ पर्यंत रेटलं.

आपल्या जिव्हाळ्याचा किस्सा मुद्दाम मागे ठेवला होता. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे शिकत होते तेव्हा त्या घरात राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं, स्मारक केलं. पण रस्ता पडला राहत्या घरांचा. काही शेजाऱ्यांनी तक्रार केली की येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास होतो, आणि राहत्या घराचं संग्रहालय करायची परवानगी कॅमडन कौन्सिलनं २०१८ मध्ये नाकारली. पुढच्या वर्षी रीतसर चौकशी बसली. मार्च २०२० मध्ये इथल्या सरकारच्या मंत्र्यांनी कौन्सिलचा निर्णय फिरवला आणि स्मारक राहिलं. आपल्याकडच्या वाहिन्यांनी यातला आरडाओरडा तेवढा दाखवला. कुठल्या कलमाखाली परवानगी मागितली होती, शेजाऱ्यांचं नेमकं दुखणं काय, हे रटाळ पण खरं ते मला इथल्या गल्लीपेपरांत सापडलं. त्यांना तो रस्ता ठाऊक होता, बाबासाहेबांचं मोठेपण कुणीतरी नव्यानं सांगावं लागलं असेल एवढंच. मी त्या आठवड्यांतली कात्रणं बाजूला काढून ठेवली आहेत, डिसेंबरात येताना आणते.

आणि उलट बाजूही सांगायला हवी. केन्सिंग्टनमधल्या ग्रेनफेल टॉवर या राहत्या इमारतीची आग तुला आठवत असेल, १४ जून २०१७, ७२ माणसं गेली. तिथल्या रहिवाशांच्या एका गटानं आदल्या नोव्हेंबरातच इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं की मोठी दुर्घटना झाल्याशिवाय आमचं कुणी ऐकणार नाही. ओरड सगळ्यांना दिसेल अशी उघड्यावर पडलेली होती. पण ती घेऊन कौन्सिलच्या बैठकीत बसेल, दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याला फोन करेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा करेल, असा बातमीदार त्या भागात उरला नव्हता. पूर्वी त्याच भागात काम केलेल्या पत्रकारांनीच आगीनंतर हे बोलून दाखवलं. पेपर असता तर आग लागलीच नसती, असं मी म्हणणार नाही. पण तुझा मुलगा व्हॉट्सॲप म्हणतो तेव्हा मला हेच आठवतं. ग्रुपवर तक्रार लिहायला शंभर जण असतात. पालिकेच्या सभेत तीन तास बसायला कुणी नसतं. ते तू एकवीस वर्षं केलंस, पाठदुखीसकट.

माझं नाव इथल्या पेपरात एकदाच आलं. कुठल्या ते सांगत नाही. कचरा उचलण्यावर पत्र पाठवलं होतं, खाली छापलं 'मिसेस कुलकानी'. मी फोन केला, पोरीनं माफी मागितली, पुढच्या अंकात दुरुस्ती आली, 'मिसेस कुलकार्नियो'. मी एकदम इटालियन! पण त्या आठवड्यात औषधवाल्यानं मला थांबवून विचारलं, ते पत्र तुमचंच ना? समोरच्या आयरिश आजींनी तर कात्रण फ्रिजवर लावलं होतं. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या, घर आवरताना त्यांच्या मुलीनं ते मला आणून दिलं, चुंबकासकट.

अजूनही नवे निघतात बरं का. दक्षिणेत पेकम भागात दोघांनी २०१४ मध्ये लोकांकडून वर्गणी जमवून 'पेकम पिक्युलिअर' काढला, छापील आणि फुकट. त्यात केकवाली असते, सायकलवाला असतो, जुना सिनेमा थिएटरवाला असतो. तुझ्या अंकात मला तेच कमी वाटलं, खरं सांगू? सत्काराचे सहा फोटो आहेत आणि माणूस एकही नाही. तो गिरणीवाला किती वर्षं दळतोय, त्याच्या बोटांना काय काय झालंय, कुणाची भाजणी जाड आणि कुणाची बारीक, हे त्याला विचार ना. आधी एक पान त्याला दे, मग जाहिरातीचे दर वाढव. नाही म्हणणार नाही तो.

छापखानावाल्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. महिन्यातून एकदाच काढलास तर? पाक्षिकाचं मासिक झालं म्हणून कुणी वाळीत टाकत नाही.

झोपते आता. सकाळी कचऱ्याची गाडी साडेसहाला येते, हल्ली वेळेवर. माझ्या पत्रामुळेच, असं घरात सांगून ठेवलंय.

तुझी,
वसू

ता. क. आजचा 'कॅमडन न्यू जर्नल' सोबत घातलाय, मागच्या पानांवरच्या नोटिसा भिंग घेऊन वाच. आणि वर्गणीची पावती माझ्या नावानं फाड, पैसे दादाकडून घे. आजीव नको, वार्षिकच. म्हणजे पुढच्या वर्षी मागायला तरी पत्र लिहिशील.