मिसिंग शोधायला शिकवलंत, मिस्त्री

आदरणीय मिस्त्री,
स. न. वि. वि.

नारायणगाव बाजारात टोमॅटो भरणाऱ्या आम्हा पिकअपवाल्यांतर्फे हे जाहीर आभार. जुनी डिझेल गाडी स्लोवर (रेस न देता) थरथरायला लागली, घाटात ओढेना, म्हणजे मिसिंग: एखादा सिलिंडर पेट घेत नाही. अशा वेळी ‘चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून डिझेल पंप दुरुस्तीवाल्याकडे द्या’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. तुम्ही मात्र कोणता सिलिंडर मेलाय ते आधी शोधायला लावता. तुमची पद्धत इथे मांडतो, चुकलो तर कान धरा.

इंजिन स्लोवर. डोळ्यांना चष्मा, हातात फडकं. पंपाकडून नोझलला डिझेल नेणाऱ्या हाय प्रेशर पाइपचा नोझलकडचा नट अर्धा आटा सैल करायचा. बहुतेक गाड्यांना १७ चा पाना बसतो. इंजिन आणखी डगमगलं तर तो सिलिंडर कामावर आहे. काहीच फरक नाही, तर चोर सापडला. मात्र नटातून डिझेल ठोक्याठोक्याला उसळलंच नाही तर दोष मागे, पंपात.

चोर सापडला म्हणून नोझल दोषी ठरत नाही, ही तुमची खरी शिकवण. तो नोझल शेजारच्या सिलिंडरला टाकायचा, दोन्हीकडे तांब्याचा वॉशर नवा. मिसिंग त्याच्याबरोबर सरकली तरच टेस्टिंगला न्यायचा. फवारा बारीक धुक्यासारखा हवा, टोकाला थेंब लोंबता कामा नये. मिसिंग जागची हलली नाही तर आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरचा गॅप, इंजिन थंड असताना, कंपनीच्या मापाने. गॅप कमी पडला की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजायचं गेज. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडखालच्या सीलवर. पेट्रोल गाडीसारखं तेल ओतून पिस्टनच्या रिंगा तपासायच्या नाहीत: डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागाच इतकी थोडी, की तेलानेच ती भरते आणि गेज खोटं चांगलं दाखवतं.

मिसिंग एका सिलिंडरवर न थांबता भटकत असेल तर डिझेलमध्ये एअर, म्हणजे हवा. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) या भागात डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते; म्हणून ओल शोधून काही हाती लागत नाही. मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा लावला की बुडबुडे दिसतात.

हे सगळं जुन्या, साध्या पंपाच्या गाडीपुरतं. कॉमन रेलचा (नव्या, कॉम्प्युटरवाल्या डिझेल गाडीचा) पाइप चालू इंजिनवर सैल करायचाच नाही: प्रेशर १००० बारच्या वर जातं, धार कातडी फोडून आत शिरते. तिथे नोझलमधून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्नच्या नळ्यांना चार बाटल्या लावायच्या आणि कोणती आधी भरते ते बघायचं: संशय त्या नोझलवर.

एक विनंती. शोधायची मजुरी बिलात वेगळी लावत जा. घासाघीस करणार नाही, निदान तिच्यावर तरी.

आपले,
नारायणगावचे पिकअपवाले