जुन्या बाजारातली भांडी आणि रश्श्याचा खमंगपणा

जळगाव

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

धुळ्याच्या नव्या बिऱ्हाडासाठी भांडी जुन्या बाजारातूनच घ्यायची असं तू लिहिलंस, आणि खाली विचारलंस की घरच्या शेवभाजीला खमंग चव का येत नाही. दोन्हींचं उत्तर बरंचसं एकच आहे. मिक्सरमध्ये वाटण कापलं जातं, रगडलं जात नाही; आणि पातळ बुडाच्या कढईत मसाला परतून होण्याआधीच करपतो.

म्हणून पहिली खरेदी पाटा-वरवंट्याची. गोणपाट टाकून बसणाऱ्यांकडे पाटे पुष्कळ असतात, पण दगड काळा आणि घट्टच हवा. किल्लीचं टोक दाबून ओढ. भुकटी निघाली तर तो दगड तुझ्या भाजीत उतरणार. पाण्याचे चार थेंब टाक. लगेच पिऊन टाकले तर सोड. मग वरवंटा आडवा ठेवून डोळा पाट्याच्या पातळीला आण. मधून उजेड दिसला तर पाट्याला खळगा पडलाय, त्यात वाटण सरकत राहतं, वाटलं जात नाही. थोडा गुळगुळीत झालेला पाटा मात्र बेधडक घे, पाथरवटाकडून टाकी लावून घेतली की नवा होतो. टाकी लावल्यावर आधी मूठभर जाडं मीठ वाटून टाकून दे, मग भिजवलेले तांदूळ. तांदळाचं वाटण बोटात चोळून बघ. कचकच लागेपर्यंत वाटत राहायचं आणि टाकत राहायचं. इथे घाई केलीस तर पहिल्याच घासाला दाताखाली खडा येईल.

दुसरी, बिडाची कढई. गंजाला भिऊ नकोस, तड्याला भी. कानाला धरून अधांतरी लटकव आणि किल्लीने वाजव. ठणठणीत आवाज आला तर घे, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. तो बहुतेक कानाच्या मुळाशी सापडतो. गंज विटेच्या भुकटीने आणि काथ्याने घासून काढ, धुऊन लगेच आचेवर कोरडी कर. मग शेंगदाण्याचं तेल फडक्याने लावून दुसऱ्या कोरड्या फडक्याने जवळजवळ पुसून टाक, आणि धूर निघेपर्यंत तापव. असं चार-पाच वेळा. तेलाचा जाड थर दिलास तर तो चिकटच राहतो. पहिला महिना तिच्यात चिंच-टोमॅटो शिजवू नकोस, आंबटाने थर सुटतो आणि रस्सा काळपट, लोखंडी लागतो.

पितळेची पातेली घेताना खिशात लोहचुंबक असू दे. चिकटलं तर वरचा नुसता मुलामा. डाग दिलेलं, म्हणजे भोक किंवा चीर धातू वितळवून बुजवलेलं, भांडं स्वयंपाकाला नको, डागात शिसं असू शकतं. पितळेला आतून कल्हई, म्हणजे कथिलाचा पातळ थर, केल्याशिवाय त्यात आमटी नको, कळकते. आणि कल्हईचं भांडं कोरडं तापवू नकोस: कथिल २३२ अंशांनाच वितळतं. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं कुणाचं तरी नाव दिसलं तर ते घासायला देऊ नकोस, राहू दे. भाव मोडीचा विचारायचा आणि वर विक्रेत्याची मेहनत धरायची. घासाघीस एका मर्यादेपर्यंतच. ही माणसं घरोघर फिरून एकेक वस्तू गोळा करतात.

आता रस्सा, चार माणसांचा. दोन मोठे कांदे सालासकट निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळावर, साल काळी होऊन आतला कांदा मऊ पडेपर्यंत भाज. अर्धी वाटी सुकं खोबरं तपकिरी होईपर्यंतच. काळं झालं की कडू, आणि तो कडूपणा कशानेही जात नाही. बारा लसूण पाकळ्या, बोटभर आलं, कोथिंबिरीच्या काड्या. आधी खोबरं कोरडंच वाट, तेल सुटायला लागलं की बाकीचं घाल, पाणी चमचाभरच. बिडाच्या कढईत सहा चमचे तेल, त्यात वाटण मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परत. घाईत इथेच बिघडतं: वाटणात पाणी आहे तोवर ते शिजतं, भाजलं जात नाही. पाणी उडाल्यावर कांद्यातली साखर आणि प्रथिनं तापून मिळतात, तेव्हा खमंग वास सुटतो. कडेने तेल सुटलेलं दिसलं की आच कमी करून दोन चमचे काळा मसाला घाल, अर्धा मिनिट परत, आणि चार वाट्या उकळतं पाणी ओत. गार पाणी घातलंस तर तवंग मरतो. दहा मिनिटं उकळू दे. मीठ बेताने, शेवेत असतंच. जाड तिखट शेव वाढतानाच ताटात, आधी घातलीस की लगदा.

जपानात किकुनाए इकेदांनी १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीतून अशीच एक चव वेगळी काढली आणि तिला उमामी म्हटलं. आपल्याकडची चव मात्र मुख्यतः भाजण्यातली आहे, म्हणून ती उमामीसारखी तयार बाटलीतून घालता येत नाही.

बाजारात भरीत ठेचायची लाकडी बडजी दिसली तर उलटी करून ठोक. पिवळी भुकटी पडली तर भुंगा लागलाय. चांगली असेल तर हिवाळ्यापर्यंत घेऊन ठेव, तेव्हा भरताची हिरवी वांगी येतील. भाजलेलं वांगं पाण्याखाली सोलू नकोस, धुराची सगळी चव वाहून जाते. बोटं भाजली तर शेजारी वाटीत पाणी ठेव आणि बोटं त्यात बुडव, वांगं नको.

तुझी,
सुमन