मुठीएवढं भोक

प्रिय मनू,

परवा फोनवर तू घाईत होतीस आणि माझ्या मागं मशीन चालू होतं, त्यामुळं तुला धड काही सांगता आलं नाही, म्हणून आज रविवारी दुपारी भांडी आवरून टाईप करत बसलेय. मोठं होणार आहे, बसमध्ये वाच. तू म्हणालीस की आई, ऑफिसात दानाचा आठवडा करायचाय आणि मला त्यात पुढं घातलंय, मेलवर मेल पाठवले तरी चाळीसातले सहा जण देतायत, आणि तुमच्या सांगलीजवळच्या कुपवाडच्या वर्कशॉपात सतरा माणसं कुणी न सांगता इतकी वर्षं डब्यात पैसे टाकतात ते कसं काय. आणि मग तुझी ती आयडिया सांगितलीस, कोण किती दिलं त्याचा स्क्रीनवर टॉप टेन लावायचा आणि पहिल्याला कॉफीचा मग. ते ऐकून माझ्या पोटात कसंतरी झालं बघ. का झालं ते सांगते.

आधी एक हिशेबाचं, कारण मी शेवटी हिशेबाची बाई. तुमच्या कंपनीचं सीएसआर, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायचा खर्च, ते दान नव्हे, कायदा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासनं. नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी नाहीतर नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के खर्च करायलाच लागतात. ते पैसे कंपनीचे. तू ज्याच्या मागं लागलीयस ते लोकांच्या पगारातले, त्यांच्या घरातल्या दुधाचे आणि हप्त्याचे. त्यामुळं ८०जी ची म्हणजे टॅक्स सवलतीची पावती मिळेल, टॅक्स वाचेल हे सांगून फार काही होणार नाही, नवीन टॅक्स पद्धतीत तर ती सवलतच मिळत नाही, आणि निम्मी पोरं त्याच पद्धतीत असणार. आमच्या डब्याची तर पावतीच नाही. दरवर्षी आमचा सीए पोरगा चष्म्यावरनं बघत विचारतो, काकू हे कुठल्या हेडखाली घेऊ, मी म्हणते घेऊच नकोस, ते पुस्तकात नाहीच.

डबा तू बघितलायस पण नीट बघितला नसशील. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा, थोरल्या मालकांनी वर्कशॉप काढलं तेव्हाचा. झाकणाला फट पाडायला सांगितलेली, पैसे टाकायच्या गल्ल्याला असते तसली, आणि ज्या पोराला सांगितलं त्यानं छन्नी हातोडा घेऊन इतकं मोठं भोक पाडलं की आख्खा हात आत जाईल. कड धारेची होती म्हणून सायकलची ट्यूब चिरून गोल बसवली. ती ट्यूब अजून तीच आहे, कूलंटच्या, म्हणजे मशीन थंड ठेवायच्या तेलपाण्याच्या, हातांनी काळी गुळगुळीत झालीय. पगाराच्या दिवशी चहा झाला की एकेक जण जातो, हात घालतो, काढतो. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की बाजूचं कुलूप काढून डबा उघडायचा, नोटा मोजायच्या (त्यांना कूलंटचा वास येतो, बँकेतली मुलगी नाक धरते), आणि कुणाला द्यायचे ते सगळ्यांनी ठरवायचं, मालकाला एक मत आणि हेल्परला एक मत. कधी आयटीआयच्या पोरांना व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मापं घ्यायची हत्यारं, कधी मिरजेला दवाखान्यात आलेल्या पेशंटच्या नातेवाईकांना जेवण. वीस बावीस हजार जमतात वर्षाला. तुमच्यात एका पार्टीचं बिल तेवढं होत असेल.

मी २००९ ला लागले तेव्हा मला ते भोक अजिबात पटलं नाही. टाकायला हात जातो तसा काढायला पण जातोच की. किल्ली माझ्याकडं, म्हणून मी काय करायची, महिन्याला गुपचूप उघडून मोजायची आणि वहीच्या मागं लिहून ठेवायची. एका महिन्यात सातशे कमी आले. मी तरातरा थोरल्या मालकांकडं, म्हणलं दादा चोरी झालीय, भोकावर पत्रा वेल्ड करून घेऊ, फट ठेवू. थोरले मालक लेथवर काम बघत होते, मान पण वर केली नाही. म्हणाले, भोक राहू दे, पण तू मधे उघडून बघायचं बंद कर. एवढंच. मला इतका राग आला होता, दोन दिवस त्यांना चहा पण विचारला नाही मी.

तरी अक्कल आली नाही. २०१२ ला मी त्यांच्या मागं लागून फळा लावला. नाव आणि रक्कम. अगदी तुझा टॉप टेनच, फक्त खडूनं लिहिलेला. दोन महिने काय पैसे आले, मी खूश, मालकांना आकडे दाखवत होते. वरच्यानं शंभर लिहिले की खालचा एकशे दहा. मग लेथ चालवणारे टर्नर होते आपले, मुलगा आखातात, त्यांनी पाचशे लिहिले, आणि तिथनं सगळं घसरलं. बाकीचे म्हणायला लागले आता त्यांनी दिलेतच की. आणि जतकडचा तो हेल्पर पोरगा, तुला त्याचा मोठा टिफिन आठवेल, तो पगाराच्या दिवशी चहाच्या आधीच मागच्या गेटनं निघून जायला लागला. त्याची आई आजारी होती, सगळा पगार गावाला जायचा, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या महिन्यात मालक हातात कॉटन वेस्ट घेऊन आले, तेच ग्रीस पुसायचं, आणि फळा पुसला. खडू आणि ग्रीस मिळून जो राडा झाला तो फळा परत कधी वापरता आला नाही.

त्या दिवशी चहाला त्यांनी पहिल्यांदा त्यांचं सांगितलं. ते साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात शिकलेले, संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव अण्णा हयात असतानाच्या काळात. तुला शाळेत १९१९ साली कराडजवळच्या काले गावात संस्था निघाली, कमवा आणि शिका, आणि पोरांना जेवायला घालायला अण्णांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा विकलं, एवढं होतं. पण त्यांनी मुष्टीफंडाचं सांगितलं. बाई दळायला बसायच्या आधी मूठभर धान्य बाजूच्या गाडग्यात टाकायची, आणि ते गोळा करून बोर्डिंगाला जायचं. मालक म्हणाले, अगं मी लोकांच्या मुठीवर वाढलोय, आणि मुठीत किती दाणे ते कुणी मोजत नव्हतं, गरिबाघरची मूठ आणि पाटलाघरची मूठ एकाच पोत्यात. मग माझ्याकडं बघून म्हणाले, तू मोजतीस. सगळे हसले. मी पण हसले पण मला लागलं ते.

म्हणून सांगते मनू, नंबर लावू नकोस. नंबर लावला की ज्याच्याकडं आहे तो स्पर्धेत देतो आणि ज्याच्याकडं नाही तो मागच्या गेटनं जातो, आणि तुला वाटतं त्याला दानत नाही.

दानत कशी उठते ते मी २०१६ ला बघितलं. लातूरला पाणी नव्हतं आणि एप्रिलमध्ये मिरजेतनं पाण्याची रेल्वे सुटली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर, आपण टीव्हीवर बघत होतो. कामावर सगळे अभिमानानं बोलत होते की आपल्या कृष्णेचं पाणी, आपलं मिरज. हा जतचा पोरगा मशीनवरनं उतरलेल्या भागाची कड घासत होता, तो सहज म्हणाला, आमच्याकडं पण येईल काय वो रेल्वे. कुणी काही बोललं नाही. म्हणजे बघ, त्याच जिल्ह्यात, आपल्यापासून दोन तासांवर त्याच्या गावाला टँकरची वाट बघत घागरी लावलेल्या, आणि तो आमच्याबरोबर रोज डबा खातोय. त्यानं मागितलं नव्हतं काही. पण त्या वर्षी खंडेनवमीची वाट पण कुणी बघितली नाही, मे महिन्यातच डबा उघडला आणि त्याच्या वस्तीवर दोन टाक्या गेल्या, टँकर आला की पाणी ओतून ठेवायला. कमी पडले ते मालकांनी भंगाराच्या पैशातनं घातले. लातूरची बातमी आम्ही आठवडाभर बघितली होती, पण खिशात हात गेला तो त्याच्या त्या एका वाक्यानं. तुझ्या मेलमध्ये जे फोटो असतात ना लांबच्या मुलांचे, ते वाईट नाहीत, पण तुमच्या मजल्यावर झाडू मारणाऱ्या मावशींना कुणी कधी विचारलंय काय, त्यांच्या मुलीची फी भरली का ते. आणि विचारताना चार लोकांत विचारू नकोस. आणि तुमच्या त्या चाळीसांत मावशी आणि गेटवरचे मामा धरलेत काय गं? बहुतेक नाही धरले.

आता जे सांगणार आहे ते तुझ्या बाबांना पण माहीत नाही.

२०१९ चा ऑगस्ट. तू बारावीला. सांगलीच्या मारुती चौकातलं आपलं घर कृष्णेच्या पुरात, आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. बाबा कोल्हापुरात अडकलेले कारण हायवेच बंद. आपण वर्कशॉपात राहिलो, कुपवाड उंचावर म्हणून, अजून तीन घरं होती आपल्याबरोबर, पुठ्ठे अंथरून मशीनच्या मधे झोपायचो. तुला ते मजेशीर वाटत होतं, तू लेथवर पुस्तकं मांडली होतीस. तिसऱ्या रात्री तुझी मासिक पाळी आली. माझ्या पर्समध्ये चाळीस रुपये. एटीएमपुढं ही रांग आणि आत खडखडाट. दिवसभर मी कुणाला तरी मागू म्हणून विचार केला आणि मागितलं नाही, सतरा माणसांचा पगार माझ्या हातनं वाटला जातो, मी कुणापुढं हात पसरायचा? रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलचा उजेड घेऊन डब्याशी गेले. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती बघ. तरी मी कुलूप काढलं नाही, भोकातनं हात घातला, सगळे घालतात तसा. तीनशे निघाले. मूठ बाहेर काढताना ट्यूब कर्र वाजली आणि मी वळून बघितलं तर जतचा पोरगा, तोपर्यंत तो सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मशीनवर गेला होता, पुरात पंपावर लक्ष ठेवायला थांबला होता, तो जागा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. आजतागायत एक शब्द नाही. सकाळी चहा झाला काय ताई म्हणून विचारलं, रोजच्यासारखं.

दिवाळीच्या पगाराला मी ते परत टाकले, ते जाऊ दे. पण त्या रात्री मला ते सातशे रुपये आठवले. ते कुणी घेतले होते ते मला कधीच कळलं नाही आणि आता कळायला पण नको.

त्या आठवड्यात घेणाऱ्याच्या बाजूनं उभं राहून बरंच दिसलं. कवठेमहांकाळकडच्या गावांतनं टेम्पो यायचे भाकरी घेऊन, वर्तमानपत्रात बांधलेल्या, चटणी आणि ठेचलेला कांदा, काही भाकरींवर बोटं उमटलेली, बायकांनी पहाटे उठून केलेल्या. ती भाकरी देणारा पोरगा तोंडाकडं बघत नव्हता, पुडकं हातात दिलं की पुढं. आणि दुसरीकडं गाड्याच्या गाड्या जुने कपडे आले, रस्त्याकडंला ढीग, पावसात भिजून कुजले. मी एका गाठोड्यातनं काय काढलं सांगू, लग्नातला तयार बांधलेला फेटा. तुऱ्यासकट! पुरात बसलेली चार कुटुंबं त्या फेट्यावर इतकी हसलो आपण, तुला आठवत असेल, तू घालून फोटो काढलेलास. ज्यानं दिला त्याला पण वाटलं असेल आपण मदत केली. कपाट मोकळं झालं त्याचं. म्हणून तुमच्यात वस्तू गोळा करणार असाल तर आधी ज्यांना द्यायच्यात त्यांना फोन कर आणि काय नको ते विचार, काय हवं ते लोक लाजून सांगत नाहीत, नको ते पटकन सांगतात.

थोरले मालक जाऊन आता बरीच वर्षं झाली. धाकटे चांगले आहेत पण त्यांना सगळं फोनवर पाहिजे, मागच्या महिन्यात म्हणाले काकू डब्यावर क्यूआर चिकटवू, आजकाल कॅश कुणाकडं असती. खरं आहे ते, पोरांच्या खिशात पन्नासची नोट नसते. पण क्यूआरला नाव येतं ना गं, आणि तुमच्याच पिढीचं काहीतरी असेल की ज्यात नाव येत नाही, बघून सांग मला. आणि फोनमधनं काढता कसं येणार, ते पण बघ. आत्ता तरी असं ठरलंय की पगारातले थोडे सुट्टे करून कॅशमध्येच द्यायचे.

डबा मात्र बदलायलाच लागला, बुडाला गंज लागून सुट्टी नाणी गळत होती. नवीन स्टीलचा करायला घेतलाय, जतच्यानंच. भोक किती ठेवू ताई म्हणाला. मी म्हणलं तुझी मूठ माप. त्यानं मूठ वळली, मी व्हर्नियर लावलं, ९२ मिलिमीटर आली, मग जरा ढिलं पाहिजे म्हणून ११० धरलंय. कडेला जुनीच ट्यूब बसवणार म्हणतोय, बसली तर.

शनिवारी येतीयस ना, येताना ती निळी पिशवी परत आण, हळद आणि शेंगदाणे त्यातच बांधून देते.

तुझी,
आई